घरासाठी कायरोप्रॅक्टर निवडताना: आधी त्यांचं ‘नाही’ ऐका

माझी कंबर धरली तेव्हा मोजा घालायला पाय वर होईना, आणि शिंक येतेय असं वाटलं की आधी भिंत पकडावी लागे. घराजवळ एक कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणक्यांवर नि सांध्यांवर हातानं दाब देऊन उपचार करणारे, आहेत असं कळलं, गेलो. त्यांनी मला बुटांसकट पालथं झोपवलं, टाचा जोडून पाहिल्या आणि एक पाय आखूड झाल्याचं सांगितलं. मग पाठीवरून एक यंत्र फिरवलं. पडद्यावर मणक्यांचा लाल-पिवळा-हिरवा नकाशा उमटला, त्यात लालच जास्त. दहाव्या मिनिटाला ३६ भेटींचं वेळापत्रक छापून हातात पडलं. कागदाच्या मागच्या बाजूला ‘कुटुंब योजना’ होती: बायको, दोन्ही मुलं आणि बाबा. बाबा ७४ वर्षांचे, हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू. त्यांच्याबद्दल एकही प्रश्न न विचारता त्यांच्या पाठीचं बुकिंग झालं होतं.

तो कागद मी अजून जपून ठेवलाय. काय बघायचं हे मला त्यानंच उलट्या बाजूनं शिकवलं. जो घरातल्या झाडून सगळ्यांना ‘या’ म्हणतो, त्याच्याकडे कुणालाच न्यायचं नाही. घरात पाच माणसं असली तर पाठीही पाच वेगवेगळ्या असतात, आणि त्यातल्या दोन-तीन पाठींना कायरोप्रॅक्टरची गरजच नसते. पुढच्या पायऱ्या मी त्याच हिशेबानं लावल्या आहेत.

पहिली पायरी: ही विद्या काय करते ते आधी समजून घ्या

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात १८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावी झाली. डॅनिएल डेव्हिड पामर यांनी हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीवर दाब दिला आणि त्याचं गेलेलं ऐकू येणं परत आलं, असा त्यांचा दावा होता. (ऐकण्याची नस कवटीच्या आतच असते, पाठीच्या वाटेला ती जातच नाही. पण तेव्हा कोण विचारतो!) त्यातून सिद्धांत निघाला तो असा: मणके जागचे हलतात, नसा दबतात आणि त्यामुळे जवळपास सगळे आजार होतात. या हलण्याला त्यांच्या भाषेत ‘सब्लक्सेशन’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. २०१० साली ब्रिटनच्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनं, म्हणजे या व्यवसायाच्या अधिकृत नियामक संस्थेनंच, स्पष्ट केलं की ही एक ऐतिहासिक कल्पना आहे आणि तिच्यामुळे रोग होतात असं म्हणण्याजोगा वैद्यकीय पुरावा नाही.

आज या व्यवसायात दोन तट आहेत. एका तटाचे लोक पाठ, मान, सांधे यांच्या दुखण्यापुरतं काम करतात. दुसऱ्या तटाचे अजून मणक्यांत सगळ्या शरीराची किल्ली शोधतात. तुमचं काम पहिल्या तटातला माणूस शोधण्याचं.

पहिल्या तटाच्या बाजूनं पुरावाही बरा आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१७ साली नव्या कंबरदुखीसाठी औषधांआधी करून बघण्याच्या उपायांत शेक, मसाज यांच्याबरोबर मणक्यांवर हातानं करण्याच्या उपचाराचाही समावेश केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या जुनाट कंबरदुखीच्या मार्गदर्शक सूचनांतही तो आहे. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०१६ साली एक अट घातली: व्यायामाची जोड असेल तरच. फायदा मध्यम आहे, चमत्कार नाही. दमा, कानाचा संसर्ग, अंथरुणात लघवी होणं, तान्ह्या बाळाचं पोटदुखीचं रडणं, ‘प्रतिकारशक्ती वाढवणं’ यांसाठी मात्र भरवशाचा पुरावा नाही. क्लिनिकच्या भिंतीवर मणका नंबर अमुक म्हणजे यकृत, मणका नंबर तमुक म्हणजे किडनी, असा रंगीत तक्ता दिसला तर तुम्ही दुसऱ्या तटाच्या दारात उभे आहात.

आणखी एक गैरसमज. ‘कट्’ आवाज आला म्हणजे हाड जागेवर बसलं, असं नसतं. सांध्यातल्या द्रवात दाब अचानक कमी होऊन वायूची पोकळी तयार होते, तो तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच. आवाज न येताही उपचार लागू पडतो, आणि दहा कट् होऊन काहीच फरक पडला नाही, असंही होतं.

दुसरी पायरी: कायरोप्रॅक्टर शोधण्याआधी धोक्याच्या खुणा बघा

ही पायरी घाईत ओलांडू नका. बसण्याच्या जागी, म्हणजे मांड्यांच्या मध्ये नि गुदद्वाराभोवती, बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, पाय दिवसेंदिवस कमजोर पडत चालला, तर हे मणक्याच्या तळाशी नसांचा जुडगा दाबला गेल्याचं लक्षण असू शकतं. तिथे तास मोजतात, दिवस नाही. सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जायचं. पाठदुखीबरोबर ताप, विनाकारण घटलेलं वजन, आधी झालेला कर्करोग, पडणं किंवा अपघात, वर्षानुवर्षं घेतलेली स्टेरॉइडं, रात्री पडून राहिलं तरी न थांबणारा ठणका: यांतलं काही असलं तर आधी डॉक्टर, आधी तपासण्या. अंगावर काढायची ही दुखणी नाहीत आणि हातानं दाबून बघायचीही नाहीत.

उलट, काल जड सामान उचललं आणि आज पाठीत उसण भरली, बाकी माणूस ठणठणीत, असं असेल तर घाई नको. अशी बरीच दुखणी काही आठवड्यांत आपोआप कमी होतात. चालतं-फिरतं राहा, शेक घ्या. तेवढ्यानं भागलं नाही तर पुढच्या पायरीकडे या.

तिसरी पायरी: शिक्षण आणि नोंदणी

नावाच्या आधी ‘डॉ.’ असलं म्हणून ती व्यक्ती औषधवैद्यकातली डॉक्टर असतेच असं नाही. अमेरिकेत ‘डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक’ ही वेगळी पदवी आहे आणि प्रत्येक राज्याचं परवाना मंडळ वेगळं आहे. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या कुणालाही स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवून घेता येत नाही. जिथे असं मंडळ आहे तिथे त्याच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. नोंदणी चालू आहे का आणि काही कारवाई झाली आहे का, दोन्ही बघा.

कायदा नाही तिथे स्वतःच चौकशी करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ साली घालून दिलेली मोजपट्टी अशी: चार वर्षांचा पूर्णवेळ अभ्यास, किमान ४,२०० तास शिक्षण आणि त्यातले किमान १,००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर. ‘कुठल्या कॉलेजात शिकलात, किती वर्षं?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका. खरं शिकलेला माणूस अभिमानानं सांगतो. दोन-तीन दिवसांचं शिबिर करून फोनच्या पडद्यावर माना मोडणारे विषय बदलतात. ते व्हिडिओ बघायला मजा येते, मीही बघतो. पण ज्याच्या कॉलरला माइक लावलाय त्याचं लक्ष आवाजाकडे असणार, तुमच्या मानेकडे नव्हे.

चौथी पायरी: फोनवर तीन प्रश्न

दोन-तीन नावं हाताशी आली की फोन करा. माझा पहिला प्रश्न ठरलेला: ‘तुम्ही कुणावर उपचार करत नाही?’ चांगल्या क्लिनिकमधून लगेच यादी येते: हाडं ठिसूळ असलेले, नुकतं फ्रॅक्चर झालेले, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, हातापायांत जोर कमी होत चाललेले, आम्ही आधी डॉक्टरांकडे पाठवतो. ‘आमच्याकडे सगळेच येतात, तान्ह्या बाळांपासून’ असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा.

दुसरा प्रश्न: किती भेटींनंतर पुन्हा तपासून ठरवता? आकडा सहाच्या आत असावा. तिसरा: मानेला झटका न देता उपचार करता का? याचं उत्तर ‘हो’ असायला हवं. त्याचं कारण मानेच्या पायरीत येईल.

लोकांचे ऑनलाइन अभिप्राय वाचा, पण तारे मोजू नका. ‘त्यांनी मला हात न लावता हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं’ हे एक वाक्य वाचायला मिळालं तर ते पन्नास ‘अप्रतिम’पेक्षा मोलाचं.

पाचवी पायरी: पहिल्या भेटीत हात कधी लागतो ते बघा

मी शेवटी ज्यांच्याकडे गेलो त्या बाईंनी पहिली वीस मिनिटं मला टेबलावर चढू दिलं नाही. आधी औषधं विचारली, मग जुने आजार, मग दुखणं नेमकं कुठे नि कधी. त्यानंतर टाचांवर चालून दाखवायला सांगितलं, मग चवड्यांवर. गुडघ्याखाली आणि टाचेमागे रबरी हातोडीनं टिचकी मारली. पायाच्या अंगठ्याला स्वतःच्या हातानं विरोध करत ‘वर ओढा’ म्हणाल्या. उताणं झोपवून पाय सरळ ठेवून उचलला आणि कितव्या अंशाला चमक येते ते लिहून घेतलं. हे सगळं कशासाठी, तर दुखणं स्नायू-सांध्यांचं आहे की नस दाबली गेली आहे, हे ओळखण्यासाठी. ही तपासणी न करता कुणी पाठीवर दाब देत असेल तर तो अंदाजपंचे चाललाय.

मी स्वतःहून विचारलं, एक्स-रे नको का? त्या म्हणाल्या, ‘सहा आठवडे तरी नको. धोक्याची एकही खूण नाहीये तुमच्यात.’ नंतर वाचलं की अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशननंही २०१७ साली आपल्या सदस्यांना हेच सांगितलंय: नवीन कंबरदुखीत धोक्याच्या खुणा नसतील तर पहिले सहा आठवडे मणक्यांचे फोटो काढू नका. प्रत्येक येणाऱ्याचा पूर्ण पाठीचा एक्स-रे काढणारं क्लिनिक तुम्हाला किरणोत्सर्ग फुकट देतं आणि भीती विकत. तिशी-चाळिशीनंतर बऱ्याच जणांच्या एक्स-रेत काही ना काही ‘झीज’ दिसते. तसले फोटो दुखणं नसलेल्यांचेही असतात.

मग त्यांनी काय करणार, त्यात काय होऊ शकतं आणि दुसरे पर्याय कोणते, हे सांगितलं आणि थांबल्या. माझं ‘हो’ ऐकल्यावरच पुढे आल्या. एक-दोन दिवस अंग ठणकेल, थकवा येईल, हेही आधीच सांगितलं होतं. तसंच झालं, त्यामुळे घाबरलो नाही.

सहावी पायरी: मानेचा वेगळा विचार

मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून वर जातात. मान झटक्यानं वळवल्यानंतर या धमनीचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. दुर्मीळ आहेत, पण आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१४ साली यावर निवेदन काढलं. झटक्यामुळेच फाटली की आधीच फाटत असलेल्या धमनीच्या दुखण्यामुळे माणूस कायरोप्रॅक्टरकडे गेला, हे ठामपणे सांगता येत नाही; पण दोन्हींचा संबंध दिसतो आणि रुग्णाला हे आधी सांगायला हवं, असं त्यात म्हटलंय.

तुमच्या-माझ्यासाठी यातून निघतं ते इतकंच: पूर्वी कधी झाली नाही अशी विचित्र, एका बाजूची, अचानक सुरू झालेली मानदुखी किंवा डोकेदुखी असेल, सोबत गरगरणं, दोन-दोन दिसणं, बोलणं अडखळणं, गिळायला त्रास, चेहरा बधिर होणं यांतलं काही असेल, तर मान कुणाच्याही हातात द्यायची नाही. तातडीनं हॉस्पिटल गाठायचं. उपचारानंतर ही लक्षणं आली तरीही तेच.

साधी आखडलेली मान असेल तरी तुम्हाला म्हणता येतं: ‘पाठीला चालेल, मानेला झटका नको.’ हळूहळू हलवून सांधा मोकळा करणं, स्नायू सैल करणं, व्यायाम, असे पर्याय असतात. हे ऐकून जो नाराज होतो किंवा ‘बोलता बोलता’ मान वळवतो, त्याच्याकडे परत जायचं नाही.

सातवी पायरी: फरक पडतोय का ते वहीत लिहा

‘बरं वाटतंय’ हे मोजमाप फसवं असतं, कारण पैसे मोजल्यावर बरं वाटून घ्यावंसं वाटतं. त्यापेक्षा न जमणाऱ्या तीन गोष्टी लिहून ठेवा. माझ्या होत्या: उभ्यानं मोजा घालणं, वीस मिनिटं खुर्चीत बसणं, कुशीवर वळताना जाग न येणं. चार ते सहा भेटींत किंवा तीन-चार आठवड्यांत यांतलं काहीच सुधारलं नाही तर उपचार बदला नाहीतर माणूस बदला. आणि घरी करायचे व्यायाम पहिल्या-दुसऱ्या भेटीतच मिळायला हवेत. तुम्ही नुसते झोपायचं आणि करायचं सगळं त्यांनी, या पद्धतीत तुमच्या फेऱ्या कधीच संपत नाहीत.

आगाऊ पैसे भरून घेतलेलं पॅकेज नको, मग सवलत कितीही असो. ‘दुखत नसलं तरी महिन्याला या’ याबद्दल मात्र थोडं सांभाळून बोलायला हवं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात, कंबरदुखी वारंवार उलटणाऱ्या आणि पहिल्या उपचाराचा चांगला फायदा झालेल्या लोकांना ठरावीक अंतरानं बोलावत राहिल्यावर वर्षात सुमारे १३ दिवस कमी त्रास झाला. म्हणजे काही जणांसाठी त्यात तथ्य आहे. पण त्यातून धडधाकट मुलांना दरमहा न्या, असा अर्थ निघत नाही. पॅकेज विकणारे नेमका तोच काढतात.

मला त्या बाईंनी पाचव्या भेटीत सांगितलं, ‘आता नका येऊ. व्यायाम सोडलात तर याल, तेव्हा बघू.’

आठवी पायरी: मग एकेकाला, एकेका कारणानं

एकाचा अनुभव चांगला आला म्हणजे सगळ्यांची रांग लावायची असं नाही. दुखणं असेल त्यालाच न्या.

तान्ही बाळं आणि लहान मुलं: माझं मत स्पष्ट आहे, नेऊ नका. ऑस्ट्रेलियाच्या कायरोप्रॅक्टिक मंडळानं २०१९ साली दोन वर्षांखालच्या मुलांच्या मणक्यांना झटके देऊ नका, असं अंतरिम धोरण जाहीर केलं होतं. रडणारं बाळ, दुखणारा कान, यासाठी बालरोगतज्ज्ञ आहेत. आणि लसीकरणाविरुद्ध बोलणारा कायरोप्रॅक्टर भेटला तर मोठ्यांनीही तिथून उठावं. खेळणाऱ्या किशोरवयीन मुलाची कंबर आठवडेच्या आठवडे दुखत असेल तर मणक्याला बारीक चीर गेलेली असू शकते, तेव्हा आधी हाडांचे डॉक्टर. पाठीचा कणा वाकलेला असेल तर तो वाक दाब देऊन सरळ होत नाही, आणि वाढीच्या वयात तिथे महिने वाया घालवणं महागात पडतं.

गर्भारपणात बऱ्याच जणींची कंबर दुखते. कुशीवर झोपवून, उशा लावून, सौम्य हातानं काम करणारी व्यक्ती मिळाली तर आराम पडू शकतो. प्रसूतीच्या डॉक्टरांना आधी विचारा, आणि रक्तस्राव किंवा पाणी जाणं असेल तर विषयच नाही. पायाळू बाळ वळवून देतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ते काम प्रसूतीतज्ज्ञांचं.

वयस्कर माणसांसोबत औषधांची पिशवीच न्या, तोंडी यादी नको. ठिसूळ हाडं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, संधिवातानं मानेचे सांधे ढिले झालेले, यांपैकी काही असेल तर झटका वर्ज्य. कमरेपाशी दुमडणाऱ्या टेबलावर हळू ताण देणं किंवा स्प्रिंगच्या छोट्या उपकरणानं हलका दाब देणं अशा सौम्य पद्धती आहेत, पण त्याही डॉक्टरांना विचारूनच.

बाबा माझ्याबरोबर आले ते तिसऱ्या भेटीला, हट्टानं. त्यांचीही पाठ मधून दुखत होती. बाईंनी गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतली, एकेक पाकीट वाचलं, मग विचारलं, ‘काका, तुमची उंची कमी झालीय का?’ बाबा हसले. म्हणाले, उंची कशी कमी होईल, विजार मात्र हल्ली टाचेखाली येते, कंबर सैल झाली असेल. बाईंनी त्यांना भिंतीला टेकून उभं केलं, डोक्याची मागची बाजू भिंतीला लागत नव्हती. त्यांनी बाबांच्या पाठीला बोटही लावलं नाही. माझ्यासाठी नको म्हणालेला एक्स-रे त्यांच्यासाठी मात्र करायला सांगितला आणि आमच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली. बाबा खट्टू झाले. ‘एवढं आलोय तर एक तरी कट् करून द्या,’ म्हणाले.

एक्स-रेत पाठीच्या खालच्या भागातला एक मणका पुढून चेपलेला दिसला, जुना. त्यापाठोपाठ हाडांच्या घनतेची तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या, चालण्याचा आणि पाठीचा व्यायाम ठरला. विजारींच्या कडा आम्ही दोन बोटं वर घेऊन शिवल्या.